योग्य झाल्यावरच देवाजवळ जायचं का? (कृपा, विश्वास आणि प्रभुभोजन)

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय म्हणून धागा काढतेय. जरा लांबलचक होईल, पण सलग वाचा ही विनंती.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. त्या दिवशी काही जण हमखास मागच्या बाकावर बसून राहतात, नाहीतर पाळकसाहेबांनी भाकर हातात घ्यायच्या आतच हळूच बाहेर पडतात. आणि ही काही विश्वास नसलेली माणसं नाहीत हो, उलट फार हळवी, मनाला लावून घेणारी. एका काकांचा सख्ख्या भावाशी बांधावरून कोर्टात दावा चाललाय, ते म्हणतात मनात एवढा राग असताना कुठल्या तोंडानं पुढं जाऊ. एका पोराची दारू सुटत नाही. एक ताई नवऱ्याला सोडून माहेरी आल्यात, त्यांना वाटतं लोकही बघतायत आणि देवही बघतोय. सगळ्यांचं म्हणणं एकच, आधी जरा सुधारतो मग येतो.

मला हे ऐकलं की फार वाईट वाटतं. कारण ज्या विश्वासात मी वाढले त्यात ही अटच नाहीये. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय काढून बघा, तिथं कृपासनाजवळ, म्हणजे देवाच्या राजासनाजवळ, धैर्यानं जाऊ या असं म्हटलंय, आणि कशासाठी जायचं तर दया मिळावी म्हणून, गरजेच्या वेळी मदत मिळावी म्हणून. म्हणजे ज्याला दयेची गरज आहे त्यालाच हे आमंत्रण आहे, ज्याचं सगळं ठीकठाक चाललंय त्याला नाही.

आणि हे 'धैर्यानं' किती मोठं आहे ते जुन्या करारातली व्यवस्था माहीत असली तरच कळतं. यरुशलेमच्या मंदिरात सगळ्यात आतलं ते परमपवित्रस्थान, त्याच्यापुढं पडदा, आणि त्या पडद्याआड फक्त प्रमुख याजकानं जायचं, तेसुद्धा वर्षातनं एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, अर्पणाचं रक्त घेऊन. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. मत्तयानं लिहिलंय की येशूनं वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरपासून, म्हणजे माणसाच्या हातानं नव्हे. इब्री लोकांस पत्राचा लेखक पुढं दहाव्या अध्यायात हेच धरून सांगतो की आता आत जायची वाट मोकळी झालीय आणि ती येशूच्या रक्तानं झालीय. आमच्या वागणुकीनं नाही.

मग पडदा फाटल्यावरसुद्धा आपली माणसं बाहेर का उभी आहेत? तुमच्याकडे काय अनुभव, सगळ्यांनी लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा.

---

हळदबाजार (सांगली)

ताई अगदी आमच्या घरातलं लिहिलंत. आमच्या आईनं कित्येक वर्षं प्रभुभोजन घेतलेलं नाही. तिला कुणीतरी करिंथकरांच्या पत्रातलं ते वचन दाखवलं, अयोग्य प्रकारे जो भाकर खाईल नि प्याला पिईल तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. तेव्हापासनं तिच्या मनात भीतीच बसली. बायबल रोज वाचते, प्रार्थना करते, पण प्रभुभोजनाच्या टेबलाकडं म्हणून जात नाही. आता हे तर बायबलमध्येच लिहिलंय, मग तिला काय सांगायचं?

---

कृष्णाकाठची

@हळदबाजार, ते वचन एकटं उचलून वाचलं तर कुणालाही धडकी भरेल. पण ते पत्र लिहिणाऱ्या पौल प्रेषितानं ते कुणाला लिहिलंय ते आधी बघा. पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय, १७व्या वचनापासून वाचत या. करिंथची मंडळी एकत्र जमायची तेव्हा साग्रसंगीत जेवण असायचं, आणि व्हायचं काय, काही जण आधीच येऊन आपापलं खाऊन पिऊन मोकळे व्हायचे आणि बाकीचे उपाशी राहायचे. एक भुकेला आणि दुसरा पिऊन तर्र, असं पौल स्पष्ट लिहितो. तुम्ही ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता का, असं विचारतो. पौल चिडलाय तो ह्याच्यावर, गरीब भावंडाला पंगतीतनं बाहेर ठेवण्यावर. आणि पुढं सांगतो काय तर माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. खाऊ नये असं म्हणत नाही. अध्यायाच्या शेवटी पण हेच, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

म्हणजे दुसऱ्याला बाहेर ठेवणाऱ्यांना दिलेला दम आपण, जी माणसं आधीच दबून बसलीयत त्यांच्यावर वापरतोय. ह्याचा मला खरंच राग येतो. तुमच्या आईला तो अख्खा अध्याय शांतपणे वाचून दाखवा, नुसतं ते एक वचन नको.

---

रोखठोक_सातारी (सातारा)

मी ख्रिस्ती नाही, पण बायको मिशनच्या शाळेत शिकलेली त्यामुळं थोडंफार ऐकून आहे. प्रश्न सरळ विचारतो, राग मानू नका. नुसता विश्वास ठेवला की सगळं माफ असं असेल तर नीट वागणाऱ्यानं काय घोडं मारलंय? एक माणूस जन्मभर कुणाचा पैसा बुडवत नाही, आईबापाला सांभाळतो, आणि दुसरा सगळे धंदे करून शेवटच्या घटकेला क्षमा कर म्हणतो, दोघं एकाच मापात? हे मला काही पटत नाही. आणि मग रविवारी चर्च आणि सोमवारपासनं परत लबाडी, ह्याला दारच उघडं झालं की.

---

कृष्णाकाठची

राग कसला, हा प्रश्न तर येशूनं सांगितलेल्या गोष्टींतच आलेला आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात पहाटेपासून राबलेले मजूर हेच म्हणतात, आम्ही दिवसभर ऊन सोसलं आणि ह्या तासाभर आलेल्यांनाही आमच्याएवढाच रुपया? मालक म्हणतो, तुझ्याशी ठरलं ते तुला दिलं, मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यात का सलतंय. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत, म्हणजे पैसा उडवून परत आलेल्या धाकट्याला बाप जवळ घेतो त्या गोष्टीत, थोरला भाऊ पण तसाच अंगणात अडून बसतो, घरात यायला तयार नाही. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगतच नाही, गोष्ट तिथंच सोडून देतो. कारण ऐकणारे परूशी (नियम काटेकोर पाळणारे यहुदी) म्हणजेच तो थोरला भाऊ होते.

माझं म्हणणं असं की तुम्ही हिशोबाच्या बाजूनं बघताय आणि त्या बाजूनं तुमचं बरोबरच आहे, पण कृपा ही मजुरी नाहीच. मजुरी असती तर ती देणं लागते, आणि जे देणं लागतं त्याला दान कोण म्हणेल. पौल रोमकरांना चौथ्या अध्यायात अब्राहामाचं उदाहरण देऊन हेच सांगतो. अब्राहामानं विश्वास ठेवला आणि ते त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून मोजलं गेलं, तेव्हा ना त्याची सुंता झालेली होती ना नियमशास्त्र आलेलं होतं.

आता सोमवारच्या लबाडीचं. हाही प्रश्न पौलानं स्वतःच घेतलाय, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का? आणि लगेच उत्तर, कधीच नाही. त्याच्याइतकीच मला लूकानं लिहिलेली जक्कयाची गोष्ट बोलकी वाटते. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशूला बघायला तो झाडावर चढलेला, येशू झाडाखाली उभा राहून म्हणतो, खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. तेव्हा त्यानं काही सुधारणा केलेली नव्हती, माफीसुद्धा मागितलेली नव्हती. लोक कुरकुरलेच, हा पाप्याच्या घरी पाहुणा गेला म्हणून. आणि मग जक्कय उठून म्हणतो अर्धं धन गरिबांना देतो, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. आधी येशू घरात आला, पैसे नंतर सुटले. हा क्रम उलटा केला ना की धर्माचं ओझं होतं.

---

पाचगणी_७२ (पाचगणी)

चर्चा छान चाललीय. मी कॅथलिक आहे त्यामुळं थोडा फरक सांगते. आमच्यात गंभीर पाप हातून घडलेलं असेल तर आधी फादरांकडे पापनिवेदन करून मग कम्युनियन (तुमचं प्रभुभोजन) घ्यायचं असतं. म्हणजे तयारी आहेच. पण ते पापनिवेदनही कृपेचंच दार आहे, तिथं काही कुणी चांगलं झाल्यावर जात नाही.

आणि एक गोष्ट कदाचित इथं सगळ्यांना माहीत नसेल. मिस्सेत, म्हणजे आमच्या उपासनेत, कम्युनियनच्या अगदी आधी सगळी मंडळी एकत्र म्हणते की प्रभो तू माझ्याकडं यावंस एवढी माझी योग्यता नाही, पण तू शब्द बोल म्हणजे पुरे. हे मुळात कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीचं (शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याचं) बोलणं, मत्तय आठव्या अध्यायातलं. म्हणजे आम्ही सगळे आधी मोठ्यानं कबूल करतो की योग्य नाही, धर्मगुरूंसकट, आणि मग लगेच उठून पुढं जातो. मी लहानपणापासनं हे म्हणत आलेय आणि अजूनही ते म्हणताना आत काहीतरी हलतं.

बाकी कृपा की कर्म ह्यावरनं आमची नि प्रोटेस्टंटांची चारशे-पाचशे वर्षं भांडणं झाली ते खरंच. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी मिळून एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासानं, आपल्या पुण्याईमुळं नाही, आणि पवित्र आत्मा मग आपल्याला सत्कर्मांसाठी तयार करतो. पुढं २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. हे गावोगावच्या माणसांपर्यंत पोचलंच नाही, अजून लग्नं ठरवताना तुमचे-आमचे चालूच असतं.

---

कृष्णाकाठची

@पाचगणी_७२ मनापासून आभार, शताधिपतीचं वाचून अंगावर काटा आला. आणि तारीख पण बघा, ३१ ऑक्टोबर, १५१७ साली मार्टिन लूथरनं विटेनबर्गला आपली ९५ मतं मांडली, ज्यातनं प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली, तोच दिवस. लूथरची सुरुवातीची गोष्ट तर आमच्या मागच्या बाकावरच्या लोकांचीच आहे. मठातला साधू, उपास-तापास करणारा, तासन्‌तास पापनिवेदन करायचा आणि तरी समाधान नाही, काहीतरी राहिलंच असेल म्हणून परत जायचा. रोमकरांच्या पत्रात, नीतिमान विश्वासानं जगेल, हे त्याला उमगलं तेव्हा कुठं त्याचा श्वास मोकळा झाला.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा झाला १८८३ साली, इंग्लंडमध्ये. पण पुढं त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, तो नंतर साताठ वर्षांनी भेटला. एवढी विद्वान बाई, संस्कृत पंडिता, नंतर मूळ भाषांवरनं आख्खं बायबल मराठीत आणणारी, आणि तिलाही शेवटी रिकाम्या हातांनीच जावं लागलं.

---

फलटणचा_वारकरी (फलटण)

राम कृष्ण हरी. माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत आमच्या गावावरून जाते, लहानपणापासून पंढरीची वाट चालतोय. तुमचं वाचून वाटलं हे तर आमचंच चाललंय. वारीत कुणी कुणाला पात्रता विचारत नाही. विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवताना मी कोण लागून गेलो हा विचारच गळून पडतो. संतांनी जन्मभर हेच सांगितलं की आपण पतित आणि तो पतितपावन. मग तुमच्यात नि आमच्यात फरक तो काय राहिला? वादासाठी विचारत नाही, समजून घ्यायचंय.

---

कृष्णाकाठची

माऊली, हा प्रश्न ज्या माणसानं स्वतः जगून सोडवला तो शेवटी साताऱ्यातच येऊन राहिला होता. कवी नारायण वामन टिळक. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि ते म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरनं ख्रिस्ताकडं आलो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती, ख्रिस्तावर प्रेम करणारा तो आपला. दोन वर्षांत, १९१९ ला, ते गेले आणि दरबार काही पुढं वाढला नाही. पण त्यांना तुमच्या वाटेविषयी किती माया होती हे आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना पक्कं ठाऊक आहे, आमची भजनं म्हणून तर टाळ-मृदंगावर होतात.

फरक विचारलात तर माझ्या समजुतीप्रमाणं सांगते. शरण जाणं, आपलं काही नाही हे ओळखणं, इथपर्यंत आपण अगदी शेजारी शेजारी चालतो. आमचा सगळा भार मात्र एका घडलेल्या गोष्टीवर आहे. पंतय पिलात हा रोमी सुभेदार असताना यरुशलेमच्या वेशीबाहेर एका माणसाला खिळलं, तो देवाचा पुत्र होता आणि तो तिसऱ्या दिवशी उठला. आमच्या पापाचं काय झालं असं विचारलं तर आम्ही तिकडं बोट दाखवतो. देवानं ते नजरेआड केलं असं आम्ही म्हणत नाही, त्यानं ते स्वतःच्या अंगावर घेतलं असं म्हणतो. त्यामुळं कृपा आम्हाला फुकट मिळते पण ती स्वस्त नाही. विश्वास म्हणजे तरी काय, की हे माझ्यासाठी झालं असं धरून त्याच्यावर सगळा भार टाकणं. तुम्ही हे मान्य करा असा आग्रह नाही, विचारलंत म्हणून लिहिलं.

---

अजिंक्यतारा (सातारा)

सगळं गोड गोड चाललंय, पण अशाच गोड बोलण्यातनं पुढं धर्मांतराच्या भानगडी सुरू होतात. आमच्या भागात आजार बरा करतो, मदत करतो असं सांगून लोकांना बोलावतात हे ऐकलंय. त्याबद्दल बोला की.

---

कृष्णाकाठची

बोलते. आमिष दाखवून कुणाला आणलं तर ते मुळात आमच्याच विश्वासाच्या विरुद्ध आहे. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात शोमरोनात शिमोन नावाचा जादूगार येशूचा शिष्य पेत्र ह्याला पैसे देऊ करतो, पवित्र आत्म्याचं सामर्थ्य मलाही द्या म्हणून. पेत्र त्याला म्हणतो तुझ्या पैशाचा तुझ्यासकट नाश होवो, देवाचं दान पैशानं मिळतं असं तुला वाटलंच कसं. जे विकत घेता येत नाही ते विकताही येत नाही. ह्यावर माझं दुमत नाही. आजारांचं मात्र कुणी जाणकारानं लिहिलं तर बरं.

---

वॉर्डातली_ताई (मिरज)

आजारांवर मी लिहिते, मिरजेला नर्स म्हणून आयुष्य गेलं माझं. मिशनरी डॉ. वानलेस साहेबांनी १८९४ साली इथं दवाखाना सुरू केला, त्यातनं मिरज हे दवाखान्यांचं गाव झालं. जत, कवठेमहांकाळपासनं, पार कर्नाटकातनं पेशंट येतात. रात्रपाळीला एक प्रश्न मी असंख्य वेळा ऐकलाय, सिस्टर, माझ्या कुठल्या पापामुळं हे झालं? हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळेच विचारतात. मी योहानाचा नववा अध्याय सांगते. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात हा पापी की ह्याचे आईबाप, आणि येशू म्हणतो ह्यानंही पाप केलं नाही नि ह्याच्या आईबापानंही नाही.

आणि दुसरं जे मला सहन होत नाही ते म्हणजे काही प्रार्थनासभांतनं आजारी माणसाला सांगतात की तुझा विश्वास कमी पडला म्हणून तू बरा झाला नाहीस. कॅन्सरच्या एका बाईंना असंच सांगितलेलं, त्या औषधापेक्षा त्या बोलण्यानं जास्त खचल्या होत्या. असा विश्वास म्हणजे परत आपलंच कर्म झालं की, जरा जास्त जोर लावला की देव पावणार. मार्कात नवव्या अध्यायात फेफरं येणाऱ्या मुलाचा बाप रडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. अर्धामुर्धाच विश्वास होता त्याचा. येशूनं त्याला परत पाठवलं नाही, पोराला बरं केलं. आणि पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, तीनदा प्रार्थना करूनही निघाला नाही, त्याला उत्तर मिळालं माझी कृपा तुला पुरे आहे. आता पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

मूळ विषयावर एकच सांगते. ताप उतरला की मग डॉक्टरकडं जातो असं म्हणणारा पेशंट मी अजून बघितलेला नाही. येशूनंच म्हटलंय, वैद्याची गरज निरोग्यांना नाही, दुखणाइतांना आहे.

---

रोखठोक_सातारी

वॉर्डातली_ताई, तुमचं पटलं. मजुरीचं अजून पूर्ण पटलेलं नाही पण विचार करतोय. हे लूक आणि रोमकर जे काय आहे ते बायकोच्या कपाटात सापडेल, वाचून बघतो.

---

हळदबाजार

मला अजून एक अडतंय. ताईंनी काकांचं लिहिलं, भावाशी दावा चाललेले. पण डोंगरावरच्या प्रवचनात येशूच सांगतो ना की तू अर्पण घेऊन वेदीजवळ आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मग काका मागं थांबतात ते बरोबरच म्हणायचं की.

---

कृष्णाकाठची

बरोबर नेमकं धरलंत. मीही त्यावर खूप विचार केलाय. येशू तिथं अर्पण टाकून घरी जा म्हणत नाही, भावाकडं जा आणि मग परत ये म्हणतो. काका ह्यातलं काहीच करत नाहीत, भावाकडंही जात नाहीत आणि टेबलाकडंही येत नाहीत, वर्षानुवर्षं मधेच अडकलेत. आणि समेट करायला ताकद लागते हो, समोरच्यानं दार लावून घेतलं तर काय ही भीती असते. ती ताकद आणायची कुठनं? आपल्याला एवढं मोठं माफ झालंय हे ज्याला आतून कळलं तोच भावापुढं वाकू शकतो असं मला वाटतं. काकांशी मी बोलणार आहे. त्यांना एवढंच सांगेन की राग आहे तसा घेऊन प्रार्थनेला या, लपवू नका, आणि त्याच आठवड्यात भावाला एक फोन लावा. उचलला नाही तर नाही. दावा मिटेपर्यंत देव थांबवून ठेवू नका.

---

हळदबाजार

आईला काल अकरावा अध्याय सगळा वाचून दाखवला. मधेच म्हणाली परत वाच. मग म्हणाली हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता तिला घ्यायचंय, पण गुडघ्यांमुळं चर्चच्या पायऱ्या काही तिला चढवत नाहीत. घरी मिळतं का प्रभुभोजन? आमच्यात अशी पद्धत मी बघितलेली नाही.

---

कृष्णाकाठची

मिळतं की! आजारी आणि वयस्कर लोकांसाठी पाळकसाहेब घरी येऊन देतात, फक्त आधी कळवावं लागतं. पहिल्या रविवारी दुपारनंतर बहुतेक ते मोकळे असतात, आजच फोन करून ठेवा. सोबत मंडळीतले दोघं-तिघं आले तर आईला बरं वाटेल, मी येऊ शकते, पत्ता व्यनि करा.

---

पाचगणी_७२

आमच्याकडंही फादर घरी येतात आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला. हळदबाजार, आईंना माझा नमस्कार सांगा, आमच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेऊ.